मीठ, पाणी आणि मेंदू : एका गोंधळाचा इतिहास

आजऱ्याहून सावंतवाडीकडे निघालेला रस्ता आंबोलीच्या घाटाने कोकणात उतरतो. आज या रस्त्याने एस.टी. आणि ट्रक धावतात. मोटारी येण्यापूर्वी अशाच घाटवाटांनी एक अत्यंत गरजेची वस्तू बैलांच्या पाठीवर लादून वर देशावर येत असे, ती म्हणजे मीठ. देशावर ज्वारी पिकते, भात पिकतो, ऊस पिकतो. मीठ मात्र समुद्राकाठच्या मिठागरांतूनच आणावे लागते. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. मिठावरचा कर कोकणातल्या माणसाला जसा चुकत नव्हता, तसा घाटावरच्या माणसालाही चुकत नव्हता, कारण मिठावाचून कोणाचेच भागत नाही.

समुद्र सोडून जमिनीवर राहायला आलेल्या सर्व प्राण्यांची स्थिती या घाटावरच्या माणसासारखीच आहे. मीठ बाहेरून मिळवायचे आणि मिळालेले जपून वापरायचे. आपली मूत्रपिंडे हे काम किती काटेकोरपणे करतात, याचा हिशेब वर्गात सहज मांडता येतो. प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. या द्रवाच्या एका लिटरमध्ये सुमारे १४० मिलिमोल सोडियम असते. मिठाच्या रूपात मोजले तर हे दिवसाला जवळजवळ दीड किलो मीठ झाले! त्यापैकी लघवीवाटे बाहेर जाते ते साधारण दहा ग्रॅम. उरलेले सगळे मूत्रपिंडे पुन्हा रक्तात घेतात.

हे जपून वापरण्याचे काम मूत्रपिंड एकटे करीत नाही. त्यावर मेंदूची देखरेख असते. म्हणूनच मेंदूला इजा झाली किंवा मेंदूवर शस्त्रक्रिया झाली की शरीरातील मीठ-पाण्याचा हिशेब बिघडू शकतो. मोठ्या माणसांपेक्षा मुलांना यापासून अधिक धोका असतो. हा बिघाड समजून घ्यायला वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षे लागली आणि या काळात एकदा उपचारांची दिशाही चुकली. तो इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

अपूर्णांकाची गोष्ट

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक साधी गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रक्ततपासणीच्या कागदावर 'सोडियम १४०' असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा शरीरात एकूण किती मीठ आहे हे सांगत नाही. तो एक अपूर्णांक आहे. अंशस्थानी सोडियम आणि छेदस्थानी पाणी. निरोगी माणसात त्याची किंमत लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते.

अपूर्णांक दोन प्रकारे लहान होतो, हे पाचवीतला विद्यार्थीही सांगेल. अंश कमी झाला तरी, आणि छेद वाढला तरी. म्हणजे रक्तातील सोडियम उतरले तर शरीरातून मीठ निसटले असेल किंवा शरीरात पाणी साचले असेल. कागदावरचा आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो, उपचार मात्र नेमके उलटे. पहिल्या वेळी मीठ आणि पाणी दोन्ही द्यावे लागतात. दुसऱ्या वेळी पाणी तोडावे लागते. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

सोडियम उतरल्याने मेंदूला काय होते, हे बटाट्याच्या कापांवरून दाखवता येते. बटाट्याचे सारख्या आकाराचे दोन काप घ्या. एक साध्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या दाट पाण्यात ठेवा. तासाभराने पहिला ताठ होतो, दुसरा लुळा पडतो. पेशीच्या बाहेरचे पाणी पातळ असेल तर परासरणाने ते पेशीत शिरते. मेंदूच्या पेशींचेही असेच होते. फरक एवढाच की बटाट्याचा काप फुगायला मोकळा असतो, मेंदू कवटीत बंद असतो. मुलाचा मेंदू सहाव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो, कवटी मात्र त्यानंतरही वाढत राहते. त्यामुळे लहान मुलाच्या कवटीत मेंदूला फुगायला मोठ्या माणसाच्या मानाने कमी जागा असते. डोकेदुखी, उलट्या, गुंगी, मग झटके आणि शेवटी श्वास थांबणे, अशी ही वाट आहे.

बेचव लघवीचा रोग

तहान आणि लघवी भरमसाट वाढणारे रोग प्राचीन काळापासून माहीत होते. आयुर्वेदातील वीस प्रमेहांत 'मधुमेह' आहे, तसा 'उदकमेह'ही आहे. लघवी गोड असणे आणि लघवी पाण्यासारखी असणे हा भेद आपल्याकडील वैद्यांनी नोंदवला होता. युरोपात टॉमस विलिस याने १६७४ साली लघवीच्या गोडीचे वर्णन केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लघवी गोड नसलेला तो 'बेचव' प्रकार वेगळा मानला जाऊ लागला. मराठीत त्याला आपण बहुमूत्र रोग म्हणू. मधुमेहाशी त्याचा नावापुरताच संबंध आहे. त्यात साखरेचा प्रश्न नसतो, मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही.

या रोगाचा मेंदूशी संबंध आहे, याचा पहिला प्रायोगिक धागा फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार याच्या हाती लागला. १८४९ च्या सुमारास त्याने सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली, तेव्हा लघवीत साखर उतरली. टोचण्याची जागा थोडी बदलली तर साखर न येता नुसती लघवीच वाढली. मेंदूला टोचले आणि मूत्रपिंडाचे काम बदलले, ही त्या काळी मोठीच आश्चर्याची गोष्ट होती.

पुढचा धागा १९१३ साली मिळाला. जर्मनीत फॉन डेन फेल्डन आणि इटलीत फारिनी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे बहुमूत्राच्या रुग्णांना पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला आणि रुग्णांची लघवी कमी झाली. पियूषिका म्हणजे मेंदूच्या तळाशी देठाला लोंबणारी वाटाण्याएवढी ग्रंथी. १९२४-२५ च्या सुमारास लंडनमध्ये स्टार्लिंग आणि व्हर्नी यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड शरीरापासून वेगळे करून त्यातून रक्त खेळवले. असे सुटे मूत्रपिंड पातळ पाण्यासारखी लघवी सोडत राही. रक्तात पियूषिकेचा अर्क मिसळला की लघवी कमी आणि दाट होई.

याच व्हर्नीने १९४७ साली आणखी एक सुंदर गोष्ट दाखवली. कुत्र्याच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत त्याने मिठाचे थोडे दाट पाणी सोडले. रक्ताचा दाटपणा शेकडा दोनच्या आसपास वाढला तरी मेंदूला ते कळे आणि लघवी आटे. मेंदूत जणू मीठ चाखणारी जीभच आहे, आणि ती आपल्या तोंडातल्या जिभेपेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे! या जिभेच्या निरोपाने सुटणारे प्रतिमूत्रल संप्रेरक नऊ अमिनो आम्लांचे असते. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या व्हिन्सेंट द्यु विन्यो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मांजरांतले तीन टप्पे

या संशोधनाचा शस्त्रक्रियेशी थेट संबंध जोडला तो अमेरिकेतील फिशर, इन्ग्रॅम आणि रॅन्सन यांनी. १९३० च्या दशकात त्यांनी मांजरांच्या मेंदूतील, पियूषिकेच्या देठाकडे उतरणाऱ्या तंतूंना इजा केली आणि रोजची लघवी मोजली. त्यांना तीन टप्पे दिसले. प्रथम काही दिवस लघवी भरमसाट वाढते. मग अचानक ती आटते. त्यानंतर ती पुन्हा वाढते आणि बहुधा कायमची वाढलेली राहते.

याचा उलगडा पुढे झाला. बार्गमान आणि शारर यांच्या कामावरून १९५० च्या सुमारास कळले की हे संप्रेरक पियूषिकेत तयार होतच नाही. ते तिच्या वरच्या मेंदूच्या भागात तयार होते, मज्जातंतूंतून खाली येते आणि पियूषिकेत फक्त साठवले जाते. तंतू दुखावले की प्रथम संप्रेरक सुटणेच थांबते. पुढे मरू लागलेल्या तंतूंच्या टोकांतून साठवलेले संप्रेरक गरज नसताना गळू लागते. साठा संपला की मागे काहीच उरत नाही.

मुलांमध्ये पियूषिकेच्या शेजारी होणाऱ्या काही गाठी काढताना हाच देठ दुखावतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी मूल भांडीच्या भांडी भरून लघवी करते. पाणी भरून दिले नाही तर रक्तातील सोडियम १४५ च्या वर चढते. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास वारे फिरू शकते. कालपर्यंत जितके पाणी देणे योग्य होते, तितकेच आज दिले तर ते शरीरात साचते आणि सोडियम झपाट्याने उतरते. प्रत्येक मूल तिन्ही टप्प्यांतून जाते असे नाही. पण कोणते जाईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून तासातासाला लघवी मोजणाऱ्या परिचारिकेच्या तक्त्याला येथे फार महत्त्व आहे.

पिवळी ज्योत

येथवर लघवी मोजली जात होती, सोडियम नव्हे. रक्तातील सोडियम मोजण्याची जुनी रासायनिक पद्धत वेळखाऊ आणि किचकट होती. रोज प्रत्येक रुग्णाचे सोडियम पाहणे शक्यच नव्हते. १९४० च्या दशकात ज्योत-प्रकाशमापक आला आणि चित्र बदलले. त्यामागचे तत्त्व आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतले आहे. बर्नरच्या निळ्या ज्योतीत मिठाचा कण टाका, ज्योत पिवळी होते. हा पिवळेपणा मोजला की सोडियम किती ते कळते. काही मिनिटांत उत्तर मिळू लागले.

उत्तरे मिळू लागताच नवे प्रश्न उभे राहिले. १९५० साली अमेरिकेतील येल विद्यापीठात पीटर्स, वेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा आजार झालेल्या तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. तिघांचे रक्तातील सोडियम उतरले होते, तरीही लघवीतून मीठ वाहतच होते. त्यांनी निष्कर्ष काढला की आजारी मेंदूमुळे मूत्रपिंडाची मीठ राखण्याची शक्ती गेली आहे. याला पुढे मेंदूजन्य लवणक्षय म्हणू लागले.

सातच वर्षांनी, १९५७ साली, श्वार्ट्झ, बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या दोन रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांचेही सोडियम उतरलेले, लघवीत मीठ जात असलेले. पण येथे कारण वेगळे होते. प्रतिमूत्रल संप्रेरक गरज नसताना सुटत होते, पाणी साचत होते, आणि वाढलेल्या पाण्याच्या दाबाने थोडे मीठ बाहेर जात होते. पाणी तोडले की रुग्ण सुधारत.

हे दुसरे स्पष्टीकरण इतके नेटके होते की पुढली वीस-पंचवीस वर्षे त्याने पहिल्याला जवळजवळ झाकून टाकले. मेंदूच्या रुग्णाचे सोडियम उतरले की संप्रेरक जास्त झाले असे धरायचे आणि पाणी तोडायचे, अशी रीत पडली. छेद वाढला असेल असे सगळे गृहीत धरू लागले. अंश कमी झाला असेल, हे कोणी तपासून पाहीना.

वेल्लोरची नोंद

१९८१ साली नेल्सन आणि सहकाऱ्यांनी ते तपासले. सोडियम उतरलेल्या मेंदूच्या १२ रुग्णांच्या शरीरातील रक्ताचे आकारमान त्यांनी प्रत्यक्ष मोजले. पाणी साचले असते तर ते वाढलेले दिसायला हवे होते. १२ पैकी १० जणांत ते कमी भरले. १९८५ साली हॉलंडमधून आलेली माहिती अधिक गंभीर होती. मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या ज्या २६ रुग्णांचे पाणी सोडियम उतरले म्हणून तोडले होते, त्यांपैकी २१ जणांच्या मेंदूचा काही भाग रक्तपुरवठ्याअभावी मेला. आधीच आटलेल्या शरीराचे पाणी तोडल्याचा हा परिणाम असावा, असे दिसत होते.

या कोड्यावर भारतात महत्त्वाचे काम झाले ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. याच संस्थेत १९४९ साली जेकब चांडी यांनी देशातील मेंदू-शल्यचिकित्सेचा पहिला विभाग सुरू केला होता. १९५० च्या दशकात मद्रास आणि मुंबईतही हे काम उभे राहिले. १९९४ साली वेल्लोरचे शिवकुमार, राजशेखर आणि मॅथ्यू चांडी यांनी २१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांचे सोडियम उतरलेले, सर्वांच्या लघवीत मीठ जात असलेले. रूढ रीतीने पाहता सर्वांचे पाणी तोडायला हवे होते. या डॉक्टरांनी पाणी तोडले नाही. उलट द्रव आणि मीठ दिले, आणि ज्यांच्या अंगात रक्त कमी होते त्यांना रक्तही दिले. बहुतेकांचे सोडियम तीन दिवसांत पूर्वपदावर आले. १९९७ साली याच विभागाने हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब मोजून कोणाला द्रव द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरवण्याची पद्धत तपासून मांडली. महागड्या किरणोत्सारी मोजणीची गरज त्यात नव्हती.

मेंदू मूत्रपिंडाला मीठ सोडायला कसे लावतो, हे आजही पूर्ण उलगडलेले नाही. १९८१ साली उंदरांच्या हृदयात आणि १९८८ साली डुकराच्या मेंदूत मीठ बाहेर टाकायला लावणारी संप्रेरके सापडली. त्यांचा यात हात असावा असे अनेकांना वाटते. हा लवणक्षय फार क्वचित होतो असे मानणारे डॉक्टरही आहेत. मात्र आकडा पाहून पाणी तोडायचे नाही, आधी शरीर आटले आहे की भरले आहे ते पाहायचे, यावर आता दुमत नाही. वजन, नाडी, रक्तदाब आणि आत किती गेले, बाहेर किती आले याचा तक्ता, ही त्यासाठीची साधी पण खरी साधने आहेत.

मुलांचे सलाइन

आता मुलांपुरता एक वेगळा धागा पाहू. आजारी मुलाला शिरेतून किती पाणी द्यावे? १९५७ साली हॉलिडे आणि सेगर या अमेरिकन बालवैद्यांनी एक सुटसुटीत सूत्र दिले. पहिल्या १० किलो वजनाला किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोंना ५०, आणि त्यापुढे २०. म्हणजे १८ किलोच्या मुलाला दिवसाला १४०० मिलिलिटर. हे सूत्र आजही जगभर वापरले जाते. मिठाचे प्रमाण मात्र त्यांनी दुधाच्या हिशेबाने ठरवले, लिटरमागे सुमारे ३० मिलिमोल. नेहमीच्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे १५४ मिलिमोल सोडियम असते. मुलांचे द्रव त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके पातळ झाले.

निरोगी मूल जादा पाणी लघवीवाटे टाकून देते. पण शस्त्रक्रिया, वेदना, उलट्या, भीती या सगळ्यांनी प्रतिमूत्रल संप्रेरक सुटते. मग पाणी टाकता येत नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. २० किलोच्या मुलाच्या शरीरात सुमारे १२ लिटर पाणी असते. १४० ला १२ ने गुणले की १६८०. त्यात एक लिटर मीठविरहित पाणी साचले तर १६८० भागिले १३, म्हणजे सुमारे १२९. एका लिटरने मूल धोक्याच्या रेषेखाली येते.

१९९२ साली एरिएफ, आयुस आणि फ्रेझर यांनी अशा १६ मुलांची हकिकत छापली. मुळात ही निरोगी मुले होती. सोडियम उतरल्याने त्यांचा मृत्यू झाला किंवा मेंदूला कायमची इजा झाली. २००३ साली मॉरिट्झ आणि आयुस यांनी पातळ द्रव सोडून रक्ताइतके खारट द्रव द्यावे असे आग्रहाने मांडले. २०१५ साली मेलबर्नच्या मोठ्या चाचणीत पातळ द्रव दिलेल्यांपैकी ११ टक्के मुलांचे सोडियम उतरले, तर रक्ताइतके खारट द्रव दिलेल्यांपैकी ४ टक्क्यांचे. २०१८ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने तसा नियमच केला. त्या नियमातून मेंदूवर शस्त्रक्रिया झालेली मुले मुद्दाम वगळली आहेत. त्यांचा हिशेब तासातासाला बदलतो, म्हणून एकच नियम त्यांना पुरत नाही.

दुरुस्तीची घाईही धोक्याची असते. फार दिवस उतरलेले सोडियम एकदम वर चढवले तर मेंदूतील तंतूंवरचे आवरण नष्ट होऊ शकते. १९५९ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन झाले. झटके येत असतील तर दाट सलाइन तातडीने द्यावेच लागते, एरवी दिवसाला आठ-दहा मिलिमोलांपेक्षा अधिक चढू देत नाहीत.

शाळेत परतलेले मूल

या इतिहासाशी शिक्षकाचा संबंध काय? आजऱ्यासारख्या गावातल्या मुलाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात न्यावे लागते. पण बरे झाल्यावर ते परत येते ते गावाच्या शाळेत. पियूषिकेचा देठ गेलेल्या मुलाला बहुमूत्राचा त्रास कायम राहू शकतो. १९६७ साली प्राग येथे तयार झालेले डेस्मोप्रेसिन हे औषध त्यासाठी नाकातून किंवा गोळीने देतात. त्यावर मूल चांगले राहते, अभ्यास करते, खेळते. पण औषधाचा परिणाम उतरत आला की त्याला अनावर तहान लागते आणि वारंवार लघवीला जावे लागते.

अशा मुलाला 'तास संपेपर्यंत थांब' म्हणणे ही शिस्त नव्हे, तो त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्याची पाण्याची बाटली बाकावर असू द्यावी, उठताना परवानगी विचारायला लावू नये. उलट, औषध घेतलेल्या मुलाला 'पाणी पी, पाणी पी' असा आग्रहही करू नये, कारण तेव्हा साचलेले पाणी त्याला टाकता येत नाही. तहान लागेल तेवढेच प्यावे. असे मूल अचानक सुस्त झाले, बरळू लागले, उलट्या करू लागले, डोके धरून बसले, तर ऊन लागले असेल म्हणून झोपवून ठेवू नये. पालकांना कळवून लगेच दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेची व औषधाची माहिती द्यावी. जुलाबात आपण जलसंजीवनी देतो, कारण तेथे मीठ आणि पाणी दोन्ही गेलेले असते. येथे काय गेले आणि काय साचले, हे तपासल्यावाचून घरचा उपाय करू नये.

आठवी-नववीच्या वर्गात ज्योतीचा प्रयोग, बटाट्याचे काप आणि वर दिलेले गणित एकत्र घेता येतील. अपूर्णांकाचा छेद विसरला तर काय होते, हे त्या तासाला मुलांना आपोआप समजेल. आणि वर्गातले एखादे मूल सारखे पाणी का पिते, याबद्दल त्याला हसण्याऐवजी बाकीची मुले त्याची बाटली भरून आणतील.